उपाहारगृहातील आचाऱ्याची परीक्षा



गिरगाव, दादर, परळ, लालबाग यांपैकी कोणत्याही भागातील एखाद्या उपाहारगृहात गेलात, की गल्ल्यामागच्या भिंतीकडे एकदा लक्ष देऊन पाहा. देवाची तसबीर आणि तिच्यावरचा हार तुम्हाला चटकन दिसेल. तसबिरीच्या आसपास चौकटीत बसवलेले एक-दोन कागद असतात. त्यांपैकी एक परवाना असतो आणि त्यावर चौदा आकडी क्रमांक असतो. काही ठिकाणी त्याच्या शेजारी आणखी एक कागद आढळतो. अमुक व्यक्तीने अन्न सुरक्षेचे प्रशिक्षण घेतले असून त्या विषयाची परीक्षा ती उत्तीर्ण झाली आहे, असा त्याचा आशय असतो.

आचाऱ्याला परीक्षा कशाला हवी, असे तुम्हाला वाटेल. भजी कुरकुरीत झाली की नाही, मिसळीचा रस्सा जमला की नाही, याचा निकाल गिऱ्हाईक रोजच देत असते. परंतु या परीक्षेत चवीचा एकही प्रश्न नसतो. भात किती तापमानाला ठेवावा, उरलेली आमटी किती वेळात थंड करावी, हात कसे धुवावेत, पोट बिघडलेले असताना कामावर यावे की नाही, असे ते प्रश्न असतात. त्यांची उत्तरे काही प्रमाणात जीवशास्त्रात आहेत आणि उरलेली पदार्थविज्ञानात. तुम्ही शाळेत उष्णतेवरचा जो धडा शिकता, तोच या परीक्षेचा अर्ध्याहून अधिक अभ्यासक्रम आहे, असे म्हटले तरी चालेल. तो कसा, ते आपण पाहू.

कायदा काय सांगतो

आपल्या देशात अन्नाविषयीचा मुख्य कायदा बरीच वर्षे १९५४ सालचा अन्न भेसळ प्रतिबंधक कायदा हा होता. दुधात पाणी, मिरचीपुडीत विटेची भुकटी, हळदीत अपायकारक रंग, असल्या लबाडीवर त्याचा रोख होता. परंतु अन्नातून होणारी विषबाधा पुष्कळदा कोणाच्याही लबाडीमुळे होत नाही. आचारी प्रामाणिक, तांदूळ उत्तम, तूप शुद्ध, आणि तरीही जेवणारे पन्नास लोक संध्याकाळी रुग्णालयात, असे घडू शकते. हा प्रकार भेसळीच्या कायद्याच्या पकडीत नीट येत नसे.

म्हणून २००६ साली अन्न सुरक्षा व मानके कायदा संमत झाला आणि ५ ऑगस्ट २०११ पासून तो अमलात आला. याच कायद्याने भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरण स्थापन झाले. महाराष्ट्रात अंमलबजावणीचे काम राज्याचे अन्न व औषध प्रशासन पाहते. परवान्यासंबंधीच्या नियमांना जोडलेल्या चौथ्या परिशिष्टात स्वयंपाकघर कसे असावे, पाणी कसे असावे, काम करणाऱ्यांनी कोणती काळजी घ्यावी, हे तपशिलाने दिले आहे. अन्न हाताळणाऱ्या प्रत्येकाची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी व्हावी आणि विषमज्वरासारख्या आतड्याच्या रोगांविरुद्ध त्याला लस टोचलेली असावी, अशीही त्यात अट आहे.

२०१७ साली प्राधिकरणाने प्रशिक्षण व प्रमाणपत्राची एक योजना सुरू केली. तिचे इंग्रजी नाव लांबलचक आहे. व्यवहारात सगळे तिला ‘फॉस्टॅक’ म्हणतात. दर पंचवीस कामगारांमागे निदान एक प्रशिक्षित पर्यवेक्षक असावा, हे तिचे मुख्य सूत्र. उपाहारगृहांसाठी प्राथमिक वर्ग सुमारे चार तासांचा असतो, तर वरच्या पातळीचा आठ तासांचा. शेवटी परीक्षा असते. प्रमाणपत्र दोन वर्षे चालते, नंतर पुन्हा उजळणी करावी लागते. प्रशिक्षण घेतलेल्या पर्यवेक्षकाने आपल्या हाताखालच्यांना शिकवावे, अशी अपेक्षा असते.

या व्यवसायाचे पद्धतशीर शिक्षण मुंबईला नवे नाही. आज दादरला असलेली हॉटेल व्यवस्थापनाची शासकीय संस्था १९५४ सालापासून विद्यार्थी तयार करीत आहे. पण तेथून शिकून निघालेले बहुतेक तरुण मोठ्या हॉटेलांकडे वळतात. नाक्यावरच्या उपाहारगृहात कांदा चिरणारा, टेबल पुसणारा, भांडी घासणारा मुलगा मात्र शेजारच्याचे पाहून पाहून शिकतो. शेजाऱ्याची चूकही तो तितक्याच मन लावून शिकतो! नवी योजना आहे ती त्याच्यासाठी.

ताटे तपासून का भागत नाही?

येथे एखादा हुशार विद्यार्थी विचारील, ‘माणसांना शिकवण्यापेक्षा अन्नच तपासून पाहिले तर?’ प्रश्न योग्य आहे. थोडे गणित करू.

समजा, एका दिवसात हजार ताटे वाढली गेली आणि त्यांतले एकच ताट दूषित होते. निरीक्षकाने त्यांतली कोणतीही पन्नास ताटे उचलून तपासली. दूषित ताट त्या पन्नासांत असण्याची शक्यता किती? हजारांत पन्नास, म्हणजे शंभरांत पाच. शंभरांत पंचाण्णव वेळा निरीक्षक ‘सारे ठीक आहे’ असे लिहून जाईल आणि दूषित ताट कोणाच्या तरी पुढ्यात जाईल. शिवाय जंतूंची वाढ करून पाहण्याच्या नेहमीच्या तपासणीला एक-दोन दिवस लागतात, आणि तपासलेले ताट तर खाता येतच नाही. सगळी ताटे तपासली, तर जेवायला काहीच उरणार नाही.

हीच अडचण १९६०च्या सुमारास अमेरिकेत अवकाशवीरांचे अन्न तयार करणाऱ्यांपुढे आली होती. यानात एखाद्याला जुलाब सुरू झाले तर काय अनर्थ होईल, याची कल्पना करा. खात्री पटावी इतके नमुने तपासायचे म्हटले, तर तयार केलेल्या अन्नातला मोठा भाग तपासणीतच संपून जाई. तेव्हा ‘नासा’, अमेरिकी सैन्याची प्रयोगशाळा आणि पिल्सबरी ही खाद्यपदार्थांची कंपनी यांनी मिळून वेगळी वाट काढली. शेवटी तयार पदार्थ तपासण्यावर भिस्त ठेवायची नाही. कच्च्या मालापासून वाढण्यापर्यंत धोका कोठे कोठे शिरू शकतो ते आधीच शोधायचे आणि त्या त्या जागी पहारा बसवायचा. आज जगभर अन्न सुरक्षेची पद्धत याच विचारावर उभी आहे. लालबागच्या उपाहारगृहात ‘त्या त्या जागी’ कोण उभे असते? आचारी, वाढपी आणि भांडी घासणारा. म्हणून परीक्षा ताटाची न घेता त्यांची घ्यावी लागते.

पाच आणि साठ

प्रशिक्षणात दोन आकडे पुन्हा पुन्हा सांगितले जातात : पाच आणि साठ. थंड ठेवायचे अन्न ५ अंश सेल्सिअसच्या वर जाऊ द्यायचे नाही आणि गरम ठेवायचे अन्न ६० अंशांच्या खाली येऊ द्यायचे नाही. या दोहोंमधल्या पट्ट्यात रोगजंतूंची वाढ होते. ३० ते ४५ अंशांच्या आसपास तर अनेक जंतूंची विशेष भरभराट होते. मुंबईची हवा वर्षातले बहुतेक दिवस २५ ते ३५ अंशांवर असते. म्हणजे आपल्या शहरात ‘बाहेर ठेवलेले’ अन्न हे जंतूंच्या दृष्टीने जवळजवळ उबवणीच्या पेटीत ठेवलेले अन्न असते.

अनुकूल परिस्थितीत कित्येक जीवाणू सुमारे वीस मिनिटांत एकाचे दोन होतात. समजा, सकाळी दहा वाजता भाजीत असे शंभर जंतू आहेत. तासात तीन वेळा दुप्पट, म्हणजे सहा तासांत अठरा वेळा. दोनाचा अठरावा घात २,६२,१४४ होतो. त्याला शंभराने गुणा. दुपारी चार वाजता त्या भाजीत दोन कोटी साठ लाखांहून अधिक जंतू झाले! पहिल्या तासात मात्र ते शंभराचे जेमतेम आठशे झाले होते. दुपटीची वाढ अशीच फसवी असते. आरंभी ती जाणवत नाही, आणि जाणवते तेव्हा फार उशीर झालेला असतो. चव, वास, रंग यांत काहीच बदल झालेला नसेल, म्हणून आचाऱ्याचे नाक येथे कामाचे नाही. येथे घड्याळ आणि तापमापक हवा.

उकळले की झाले?

‘एवढे कशाला? खाण्याआधी पुन्हा उकळी आणली की जंतू मेले!’ असे घरोघरी म्हटले जाते. यात अर्धे सत्य आहे.

उष्णतेने जंतू मरतात, पण सगळे एका क्षणात मरत नाहीत. तापमान जितके जास्त तितका वेळ कमी लागतो. पदार्थाच्या मध्यभागी ७० अंश तापमान दोन मिनिटे टिकले तर जो परिणाम होतो, तोच ६० अंशांना यायला सुमारे ४५ मिनिटे लागतात, ६५ अंशांना १० मिनिटे, ७५ अंशांना ३० सेकंद आणि ८० अंशांना अवघी ६ सेकंद. ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेने दिलेले हे आकडे आलेखावर मांडून पाहा. तापमान पंधरा अंशांनी वाढले तर लागणारा वेळ नव्वदाव्या हिश्शावर येतो! म्हणून शिळे गरम करताना ते नुसते ‘कोमट’ न करता मध्यभागापर्यंत ७५ अंशांवर न्यावे, असा नियम शिकवतात.

आता उरलेले अर्धे सत्य. काही जीवाणू संकटकाळी बीजाणूचे रूप घेतात. बीजाणू म्हणजे जणू चिलखत घालून झोपलेला जंतू. तांदळात आढळणारा बॅसिलस सिरियस हा त्यांतलाच. भात शिजताना पाणी १०० अंशांवर उकळते, तरीही त्याचे बीजाणू तग धरू शकतात. भात ओट्यावर निवत पडला, की ते जागे होतात, वाढतात आणि एक विष तयार करतात. हे विष नेहमीच्या उकळण्याने नष्ट होत नाही. आपल्या त्वचेवर, नाकात, हातावरच्या पिकलेल्या जखमेत राहणारा स्टॅफिलोकॉकस नावाचा जंतूही असेच उष्णतेला दाद न देणारे विष अन्नात सोडतो. पुन्हा उकळल्यावर जंतू मेले तरी विष उरतेच. चोर पकडला, पण त्याने घरात लावलेली आग तशीच राहिली, असा हा प्रकार आहे. तेव्हा जंतू मारण्याइतकेच त्यांना वाढू न देणे महत्त्वाचे. ते अवलंबून असते अन्न किती लवकर थंड होते यावर.

टोपाचे गणित

एका मोठ्या टोपात तीस सेंटिमीटर उंचीपर्यंत घट्ट खिचडी आहे. तेवढीच खिचडी पाच सेंटिमीटर खोलीच्या पसरट परातींमध्ये ओतली, तर ती किती लवकर निवेल?

पातळ पदार्थात अभिसरणाने उष्णता वर येते, पण घट्ट खिचडीत ते फारसे होत नाही. उष्णता कणाकणाने, वहनानेच बाहेर पडते. अशा वेळी थंड होण्याचा काळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. येथे जाडी सहापट, म्हणून काळ छत्तीसपट! प्रत्यक्षात भांड्याबाहेरच्या स्थिर हवेचाही अडथळा असल्यामुळे गुणोत्तर बरोबर छत्तीस येत नाही, त्याहून कमी येते. पण कल पक्का तोच असतो. जे काम परातीत तास-दीड तासात होईल, त्याला टोपात अख्खी रात्र पुरणार नाही. टोपाच्या कडेची खिचडी गार लागते म्हणून आचारी निश्चिंत होतो, आणि मध्यभागी तासन् तास ४०-४५ अंश तापमान टिकून राहते. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स नावाचा जंतू या तापमानाला सुमारे दहा मिनिटांत दुप्पट होऊ शकतो. मोठ्या पंगतींनंतर होणाऱ्या विषबाधांत त्याचे नाव वारंवार येते.

‘टोपच उचलून फ्रिजमध्ये ठेवला तर?’ पुन्हा गणित करा. वीस किलो आमटी ६० अंशांवरून ५ अंशांवर आणायची आहे. तिची विशिष्ट उष्णता पाण्याइतकी धरू. २० × ४.२ × ५५ म्हणजे ४,६२० किलोज्यूल उष्णता बाहेर काढावी लागेल. फ्रिज दर सेकंदाला २०० ज्यूल उष्णता बाहेर फेकतो असे समजलो, तर जवळजवळ साडेसहा तास लागतील. तेवढ्या वेळात आत ठेवलेले दूध, पनीर आणि चटणीही गरम होईल ते निराळेच.

याउलट, टोप बर्फाच्या पाण्यात ठेवून झाऱ्याने ढवळत राहिले तर? ६० वरून २० अंशांवर येण्यासाठी २० × ४.२ × ४० म्हणजे ३,३६० किलोज्यूल काढायचे आहेत. एक किलो बर्फ वितळताना सुमारे ३३६ किलोज्यूल उष्णता शोषतो. म्हणजे दहा किलो बर्फ पुरे! ढवळल्यामुळे मधली गरम आमटी कडेला येत राहते. बर्फाचा अनुद्भूत उष्मा परीक्षेपुरता पाठ करणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे.

या संदर्भात गिरणगावातील जुन्या खानावळींची आठवण होते. परळ-लालबागच्या गिरण्यांत काम करणारे हजारो कामगार कुटुंब गावी ठेवून एकटे राहत आणि चाळीतल्या बायका त्यांना जेवू घालीत. या स्त्रियांना संघटित करण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. अशा खानावळीचा स्वयंपाक गिरणीच्या पाळीच्या वेळा सांभाळून होई. अन्न बेताचे, भांडी लहान, आणि चूल विझण्याआधीच पंगत बसलेली. या बायकांनी जंतुशास्त्र वाचले नव्हते. पण शिजणे आणि खाणे यांतला वेळ कमी होता, म्हणून जंतूंना दुप्पट व्हायला फार अवसर मिळत नसे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. त्या जागी आता कचेऱ्या व मनोरे उभे आहेत. पहाटे एका ठिकाणी शिजलेले शेकडो जणांचे जेवण दुपारी दुसरीकडे वाढले जाते. माणसे तितकीच कष्टाळू आहेत, पण मधला वेळ वाढला आहे. जुनी सवय पुरेनाशी झाली, म्हणून नवे शिक्षण लागले.

दादरचा वडा काय शिकवतो?

वडापावाचा जन्म १९६६ साली दादर स्थानकाबाहेर अशोक वैद्य यांच्या गाडीवर झाला, असे सांगितले जाते. शास्त्राच्या दृष्टीने वडा हा मोठा मनोरंजक पदार्थ आहे. कढईतले तेल सुमारे १८० अंशांवर असते. मग वड्याच्या आतले तापमान किती असेल? आतल्या सारणात पाणी आहे तोवर ते १०० अंशांच्या पुढे जात नाही. तळणीच्या थोड्या मिनिटांत अगदी मध्यभाग तर त्याहून पुष्कळ खालीच राहतो. बाहेरचे बेसन लालबुंद झाले, म्हणून आतला बटाटा निर्जंतुक झाला असे मानता येत नाही. सारण सकाळी करून दुपारपर्यंत उघड्यावर ठेवले आणि त्यात वर सांगितलेले विष तयार झाले, तर कढईतले १८० अंशही ते घालवू शकत नाहीत. आणि चटणी? ती तर तेलात जातच नाही. तिच्यातले पाणी, ती वाटणारे हात आणि ती ठेवलेले भांडे, यांवरच सारी भिस्त.

तेलाची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. तेच तेल पुन्हा पुन्हा तापवले की त्याच्या रेणूंची मोडतोड होऊन ध्रुवीय संयुगे वाढत जातात. १ जुलै २०१८ पासून त्यांचे प्रमाण २५ टक्क्यांपेक्षा जास्त असलेले तेल तळणीसाठी वापरण्यास आपल्याकडे मनाई आहे. हे मोजण्यासाठी एक सुटसुटीत उपकरण मिळते. त्याच्या टोकाला लहानसे विद्युत धारित्र असते. ते तेलात बुडवले, की तेलाचा परावैद्युत स्थिरांक कळतो. ताज्या तेलाचा सुमारे ३, पाण्याचा सुमारे ८०. ध्रुवीय संयुगे वाढली की तेलाचा आकडा वर सरकतो. बारावीच्या पुस्तकातले धारित्र असे वड्याच्या कढईत उतरले आहे!

चौपाटीच्या भेळ आणि पाणीपुरीविषयी मुलांना नेहमी कुतूहल असते. गिरगाव चौपाटीला २०१९ साली ‘स्वच्छ पथखाद्य केंद्र’ म्हणून मान्यता मिळाली. तेथे विक्रेत्यांचे प्रशिक्षण, पाणी, कचरा, हातमोजे या सर्वांचा विचार होतो. अशा जागी बर्फाचा प्रश्न महत्त्वाचा. गोठवल्याने जंतू थिजतात, पण सगळे मरत नाहीत. बर्फ वितळला की ते पुन्हा कामाला लागतात. मासळी किंवा औषधे थंड ठेवण्यासाठी केलेला बर्फ सरबतात जाऊ नये, म्हणून २०१८ साली महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने अखाद्य बर्फाला निळा रंग देण्याचा आदेश काढला. गाडीवर निळसर बर्फ दिसला, तर ते सरबत घ्यायचे नाही, हे लहान मुलालाही कळते. नियम असावा तर असा सोपा.

हात, आणि हातामागचा माणूस

साबणाच्या रेणूचे एक टोक पाण्याकडे ओढ घेते, दुसरे तेलाकडे. हातावरच्या तेलकट थरात जंतू अडकलेले असतात. साबण त्या थराचे बारीक थेंब करून त्यांना वेढतो आणि पाणी ते वाहून नेते. यासाठी चोळणे आवश्यक, आणि निदान वीस सेकंदांचा वेळही आवश्यक. नुसत्या पाण्याखाली बोटे धरणे म्हणजे तेलकट ताट नुसते विसळणे. हात नंतर ओल्या, कळकट फडक्याला पुसले, तर केलेले सगळे वाया जाते.

आता वैद्यकीय तपासणीमागचे कारण पाहू. १९०६ साली न्यूयॉर्कजवळच्या ऑयस्टर बे येथे एका श्रीमंत घरात अकरापैकी सहा जणांना विषमज्वर झाला. जॉर्ज सोपर नावाच्या तज्ज्ञाने तपास केला तेव्हा त्याचे लक्ष मेरी मॅलन या स्वयंपाकिणीकडे गेले. ती धडधाकट होती. पण ती जेथे जेथे कामाला होती, त्यांतल्या बहुतेक घरांत विषमज्वर आला होता. तिच्या हातचे शिजवलेले गरम पदार्थ सोपरला संशयास्पद वाटले नाहीत. ताजी पीच फळे कापून घातलेले तिचे आइस्क्रीम मात्र वाटले. तेथे जंतू मारणारी उष्णताच नव्हती! मेरी ही स्वतः आजारी न पडणारी रोगवाहक होती. १९०७ साली तिला एका बेटावर एकटे ठेवण्यात आले. पुन्हा स्वयंपाकाचे काम करणार नाही, या वचनावर १९१० साली तिला सोडले आणि कपडे धुण्याचे काम दिले. त्यात स्वयंपाकिणीइतका पगार नव्हता. १९१५ साली एका प्रसूतिगृहात पंचवीस जणांना विषमज्वर झाला, तेव्हा तेथील स्वयंपाकघरात खोट्या नावाने काम करणारी बाई मेरीच निघाली. त्यानंतर १९३८ साली मृत्यू येईपर्यंत ती त्या बेटावरच राहिली.

या हकिकतीतून ‘स्वयंपाकी तपासून घ्यावा’ एवढाच बोध घेतला, तर तो अपुरा ठरेल. मेरीला ‘हे काम करू नकोस’ असे सर्वांनी सांगितले. ‘मग पोट कसे भरशील?’ हा प्रश्न मात्र नीट सोडवला नाही.

हाच प्रश्न आजही आपल्यापुढे आहे. उलट्या-जुलाब होत असताना अन्नाला हात लावायचा नाही, हे प्रशिक्षण घेतलेल्या मुलाला ठाऊक असते. परीक्षेत तो बरोबर उत्तर लिहितो. पण ज्या दिवशी खरोखर पोट बिघडते, त्या दिवशी खाडा झाला तर रोज बुडेल, कदाचित जागाही जाईल, ही भीती असेल, तर तो मुकाट्याने येऊन कांदा चिरायला बसतो. त्याला नियम माहीत नाही असे नव्हे. नियम पाळणे त्याला परवडत नाही. तापमापक कितीही अचूक असला तरी हे दुखणे त्याला मोजता येत नाही. आजारपणाची भरपगारी रजा, मोरीजवळ संपू न देता ठेवलेला साबण, नळाला दिवसभर पाणी, राहायला बरी जागा आणि आपल्याला समजेल अशा भाषेत दिलेले शिक्षण, या गोष्टी मालकाने पुरवल्या तरच भिंतीवरच्या कागदाला अर्थ येतो. अन्न सुरक्षित राहावे असे वाटत असेल, तर ते करणारा माणूसही सुरक्षित असला पाहिजे. हा दयेचा मुद्दा नाही. वर केलेल्या गणिताइतकाच तो रोखठोक आहे.

करून पाहा

१. तापमापकाची परीक्षा : प्रयोगशाळेतील तापमापक बर्फाचा चुरा व थोडे पाणी यांच्या मिश्रणात ठेवा. काही मिनिटांनी तो ० अंश दाखवतो का? मग शिक्षकांच्या देखरेखीखाली उकळत्या पाण्यात पाहा. मुंबईत १०० अंशांच्या अगदी जवळचा आकडा यावा. महाबळेश्वरला सुमारे साडेपंच्याण्णव अंशच का येईल, याचा विचार करा.

२. लोटी आणि परात : शिक्षकांच्या मदतीने एक लिटर घट्ट गरम पेज सारखी वाटून घ्या. अर्धी उभट लोटीत, अर्धी परातीत ओता. दर दहा मिनिटांनी मध्यभागाचे तापमान लिहा आणि दोन्हींचे आलेख एकाच कागदावर काढा. प्रत्येक भांड्यात पेज ६० अंशांवरून ४० अंशांवर यायला किती वेळ लागला? तिसऱ्या भांड्यातली पेज थंड पाण्यात ठेवून ढवळा आणि फरक पाहा. (ही पेज प्रयोगानंतर खाऊ नये. का, ते आता तुम्हीच सांगा.)

३. विचार करा : काही स्वयंपाकघरांत दुरूनच नेम धरून तापमान सांगणारा अवरक्त तापमापक वापरतात. टोपातल्या खिचडीचा मध्यभाग सुरक्षित आहे की नाही, हे त्याने कळेल का? उत्तर शोधताना तो नेमके कोठून येणारे प्रारण मोजतो, हे आठवा.

आणि पुढच्या वेळी उपाहारगृहात गेलात, तर भिंतीवरचा कागद जरूर वाचा. मग हात धुण्याची जागा पाहा. तेथे साबण आहे का, नळाला पाणी आहे का, ते बघा. भांडी घासणाऱ्या मुलाच्या हाताला जखम असेल, तर तिच्यावर पट्टी आहे का, तेही बघा. कागदावर जे लिहिले आहे त्याची खरी तपासणी तेथेच होते.